काका म्हणाले, फॉरमॅट मार

काल रात्री माझ्या ३२ जीबीच्या पेनड्राइव्हने मला जागा दाखवली ४ एमबी. अख्खा बंगला आपल्या नावावर आणि चावी हातात मीटरच्या खोलीची!

माझ्या लॅपटॉपवर विंडोज नव्याने टाकायचं होतं, म्हणून बायकोच्या लॅपटॉपवर पेनड्राइव्ह तयार करत होतो. त्यावर पूर्वी लिनक्सची आयएसओ, म्हणजे इन्स्टॉलची अख्खी फाइल, जशीच्या तशी उतरवलेली. तिच्यासोबत तिची पार्टिशनंही, म्हणजे जागेचे कप्पेही, उतरतात. त्यातलं बूटचं, म्हणजे मशीन सुरू करण्यापुरतं, इवलंसं पार्टिशन तेवढं विंडोजला वाचता येतं. बाकीच्यांकडे बघून ते विचारतं, फॉरमॅट करू का? म्हणजे मला वाचता येत नाही, तर जाळून टाकू का?

तेवढ्यात शेजारचे काका आले. कशाला, ते अजून कळलेलं नाही.

"फॉरमॅट मार."

"मारला, काका. चार एमबी फॉरमॅट झाले."

"मग परत मार."

"त्यात पार्टिशनं आहेत."

"एवढ्याशा काडीत? वाटण्या कोणी केल्या?"

"मीच."

"मग आता रडतोस कशाला?"

त्यांनी पेनड्राइव्ह उपसला, त्यात फुंकर मारली, शर्टाला पुसला, परत खोचला. चार एमबी. "बघ, दिवा तरी लागला," म्हणाले. दिवा आधीपासून लागत होता.

फॉरमॅट म्हणजे एका खोलीला रंग देणं. भिंती जिथल्या तिथे. भिंती पाडायला डिस्कपार्ट हे विंडोजचं कमांडवालं हत्यार उघडून 'क्लीन' म्हणावं लागतं. त्याआधी डिस्कचा नंबर द्यायचा, आणि नंतर 'नक्की ना?' असंही ते विचारत नाही. मी श्वास रोखून यादी वाचतोय आणि मागून काका: "शून्य टाक. सुरुवात शून्यापासून करावी."

शून्य नंबरला बायकोच्या लॅपटॉपची स्वतःची डिस्क होती. चालू विंडोजची डिस्क डिस्कपार्ट क्लीन करू देत नाही, हे मला ठाऊक आहे. पण बायकोच्या लॅपटॉपवर ते पडताळून बघण्याइतका मी विज्ञाननिष्ठ नाही. एक टाकला.

पुढे फॅट३२ या जुन्या पद्धतीने फॉरमॅट केलं, तर इन्स्टॉलची मुख्य फाइल ४ जीबीच्या वर. तिथे तेवढी एक फाइल मावत नाही, मग बाकी जागा कितीही मोकळी असो. एनटीएफएस या नव्या पद्धतीने केलं, तर माझ्या लॅपटॉपचं यूईएफआय, म्हणजे मशीन सुरू करणारा आतला प्रोग्रॅम, त्यावरून बूट होईना. शेवटी झक मारत दोन पार्टिशनं केली: बूट होण्यापुरतं छोटं फॅट३२, आणि मोठी फाइल एनटीएफएसवर. वाटण्या पुन्हा मीच केल्या.

बूट मेन्यूत एकच पेनड्राइव्ह दोनदा दिसू लागला.

"दोन लावलेस?"

"एकच आहे, काका."

त्यांनी स्वतःचा खिसा चाचपला. त्यांचा होता जागेवर.

त्यांच्या आग्रहाखातर दुसरा निवडला. पडदा काळा, आणि परत मेन्यू. का, ते एका शब्दाने नाही. याची मात्र खरंच चीड येते. रात्रीचा दीड वाजलाय, समोर माणूस बसलाय, 'इथून बूट होत नाही' एवढी ओळ लिहायला काय जातं? आयएसओत जगातल्या भाषा कोंबता, आणि अडलं की मौनव्रत!

पहिला निवडल्यावर निळा पडदा उगवला. भाषा, कीबोर्ड, अटी मान्य. मग विंडोज कुठे टाकू, म्हणून पार्टिशनांची यादी आली आणि तिच्याखाली बटण: फॉरमॅट.

काकांनी त्यावर बोट टेकवलं, पडद्यावर ठसा उमटेपर्यंत.

"मी केव्हापासून काय सांगतोय?"