मत द्यायचं तर गावी या

निवडणूक आली की जळगाव-धुळ्याकडच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर एक वाद हमखास पेटतो. परदेशातल्या लोकांना तिथूनच मत देता यावं का? "गाव सोडून गेला, त्याला मत कशाला?" हे उत्तरही ठरलेलं.

ब्रिटनमध्ये राहणाऱ्याला हा वाद जरा गमतीचा वाटतो. राष्ट्रकुलाच्या जुन्या नात्यामुळे इथे कायदेशीरपणे राहणाऱ्या भारतीय पासपोर्टधारकाला थेट पार्लमेंटच्या निवडणुकीत मत आहे. 2023 पासून केंद्रावर फोटो ओळखपत्र लागतं, त्यात भारताचा निळा पासपोर्ट चालतो. जायचं नसेल तर मतपत्रिका टपालाने घरी येते. ती 'अ' पाकिटात घालायची, सही आणि जन्मतारखेचा कागद जोडायचा, सगळं 'ब' पाकिटात बंद करायचं. जन्मतारखेच्या चौकटीत लोक घाईत त्या दिवसाची तारीख लिहितात आणि मत बाद होतं.

मतासाठी गावी यायला लावणारा नियम भारताचा आहे. 2011 पासून अनिवासी नागरिकाला नाव नोंदवता येतं. अर्ज 6अ भरायचा, पासपोर्ट आणि व्हिसाच्या प्रती जोडायच्या. मतदारसंघ ठरतो पासपोर्टवरच्या भारतातल्या पत्त्यावरून. घर चोपड्याला आणि पासपोर्टवर पुण्याची भाड्याची खोली असेल, तर मत पुण्यात. वेगळं मतदार ओळखपत्र मिळत नाही; मूळ पासपोर्ट घेऊन स्वतः केंद्रावर उभं राहायचं. प्रतिनिधीमार्फत मत देण्याचं विधेयक 2018 मध्ये लोकसभेत मंजूर झालं, पुढे लोकसभेची मुदत संपली आणि ते बारगळलं. 2024 ला सुमारे 1.2 लाख नोंदलेल्यांपैकी तीन हजारही मतदानाला आले नाहीत. विमानाचं तिकीट बघता नवल नाही.

तरी मत देण्याची सोय मिळण्याच्या रांगेत आमचा, परदेशातल्यांचा, नंबर पहिला नसावा.

ब्रिटनने हक्क थेंबाथेंबाने दिला: 1832 ला थोडे मालमत्तावाले, 1918 ला सगळे पुरुष पण तिशीपुढच्याच आणि मालमत्तेच्या अटीत बसणाऱ्या बायका, 1928 ला बरोबरी. आपण 1951-52 ला सरसकट दिला, तरी पहिल्या यादीतून सुमारे 28 लाख बायका गळाल्या, कारण "अमक्याची बायको" एवढंच सांगून त्यांनी स्वतःचं नाव दिलं नव्हतं. म्हणजे हक्क कागदावर होता, अडलं नोंदीत. आज तो अंतरात अडतो.

धडगाव-अक्कलकुव्याची, साक्री-चाळीसगावची कुटुंबं कोयता घेऊन दक्षिण गुजरातच्या उसात जातात. हंगाम ऑक्टोबर-नोव्हेंबरात उभा राहतो आणि 2024 ची विधानसभा होती 20 नोव्हेंबरला. मतासाठी परतायचं तर मजुरी बुडते, भाडं जातं, उचल अंगावर राहते ती राहतेच. अशा स्थलांतरितांसाठी डिसेंबर 2022 मध्ये निवडणूक आयोगाने एकाच यंत्रातून 72 मतदारसंघांचं मतदान होईल असा प्रस्ताव आणला. पक्षांनी विचारलं, स्थलांतरित नेमका कोण? परराज्यात पोलिंग एजंट कुठून आणायचे? प्रश्न रास्त आहेत. पण त्यांवर तोडगा काढायचं सोडून प्रस्तावच बाजूला पडला, हे काही पटत नाही.

यंत्रणेला जमत नाही असंही नाही. अर्ज 12ड भरला की 85 वर्षांवरच्या मतदाराच्या घरी पथक मतपत्रिका घेऊन येतं. राज्यातलं एक नंबरचं केंद्र मणिबेलीला आहे. सरदार सरोवराच्या फुगवट्यातून तिथे यंत्र होडीने जातं. दक्षिण गुजरातमधल्या बारडोलीच्या उसाच्या फडापर्यंत तर डांबरी रस्ता आहे.