एक टिक, दोन टिक आणि जिवाला घोर

बाबांचं ऑपरेशन होतं. घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर लिहिलं, 'रक्त लागतंय, कोण येतंय?' मेसेजशेजारी ते टीचभर घड्याळ. दहा मिनिटं झाली, घड्याळच! वर रेंजची एक काडी दिसतेय, म्हणजे नेटवर्क आहे म्हणायचं. मग एक टिक आली. ती नुसती सर्व्हरपर्यंत पोचल्याची. ग्रुपमध्ये दुसरी टिक उमटते ती शेवटच्या माणसाच्या फोनवर मेसेज पोचल्यावरच. एकाचा फोन बंद, की बाकी अकरा जणांचं काही कळत नाही. (मेसेजची 'इन्फो' उघडून एकेकाचं नाव बघत बसा!) उत्तरंही उलटसुलट. 'मग मी थांबतो' आधी, 'मी निघालोय' नंतर. अरे, पण कोण निघालं, कोण थांबलं? शेवटी एकेकाला फोन लावले. मेसेज अडकला असेल तर 'गेला नाही' असं ठळक अक्षरात सांगा ना!