35 टक्के मासे कोळी फेकून देतात म्हणे!

बडोद्यातल्या आपल्या मराठी ग्रुपांवर सध्या एक फॉरवर्ड जोरात फिरतोय. म्हणणं असं की जगातले 35 टक्के मासे मच्छीमारांच्या निष्काळजीपणामुळे फेकले जातात, सरकारनं प्रत्येक बंदरावर मोठं कोल्ड स्टोरेज बांधलं की नासाडी बंद आणि त्यांची गरिबी पण खल्लास. वाचून अंगठे देणारे बरेच, म्हणून लिहितोय.

आधी आकडा. 35 टक्के हा अंदाज एफएओचाच (संयुक्त राष्ट्रांची अन्न आणि शेती संघटना) आहे, पण तो जाळ्यापासून ताटापर्यंतचा, म्हणजे श्रीमंत देशांत घरी नि हॉटेलात टाकलेला मासा पण त्यातच आला. गरीब किनाऱ्यावर मासा फेकतं कोण? सकाळचा बांगडा दुपारी नरम पडला की तो निम्म्या भावात जातो, अजून उतरला की सुकवायला नाहीतर फिशमीलला, म्हणजे जनावरांच्या खाद्याच्या भुकटीला. किलो तेवढेच, पैसे गेले. खरं नुकसान हे.

आता कोल्ड स्टोरेज. मासा बिघडायला सुरुवात होते होडीत, पकडल्यापासूनच. बांगड्यात, टुनात उष्णतेनं हिस्टामीन (खाल्ल्यावर बाधणारा पदार्थ) तयार झालं की ते नंतर फ्रीझ करा नाहीतर शिजवा, जात नाही, मग बंदरावर कितीही मोठं गोदाम असू दे. गुजरातच्या वेरावळ बंदरात फ्रीझ करून एक्सपोर्ट करणारे कारखाने आहेतच की, पण त्याचा फायदा छोट्या होडीवाल्यापर्यंत कितीसा पोचतो?

निष्काळजीपणा हा शब्द तर डोक्यातच जातो. आपल्या हवेत किलोभर माशाला साधारण किलोभर बर्फ लागतो, म्हणजे छोट्या होडीत अर्धी जागा बर्फालाच द्यायची आणि तो विकत घ्यायचा, मासा मिळो न मिळो. त्यात डिझेलसाठी व्यापाऱ्याकडून पैसे आगाऊ घेतलेले असतात, मग माल त्यालाच आणि भाव पण तोच सांगणार, अशात चांगला बर्फ घालून मासा ताजा आणला तरी चार पैसे जास्त मिळतील याची खात्री काय?

आणि सुका मासा? फॉरवर्डवाल्याला तो आठवलाच नाही. गुजरात किनाऱ्यावरच्या जाफराबादचे बोंबील सुकतात उन्हात, त्याला कोल्ड स्टोरेज काय करणार. तिथे शत्रू म्हणजे वाळू, माश्या बसून पडणाऱ्या अळ्या आणि अवेळी पाऊस. (सुकटीत दाताखाली कचकच येते ना, ती वाळूतच पसरल्यामुळे.) जमिनीपासून उंच मांडव, वर झाकायला प्लॅस्टिक, एवढ्यानं पण फरक पडतो. आफ्रिकेतल्या बुरुंडीत टांगानिका सरोवराकाठी असे मांडव करून माल सुधारला आणि भाव पण चांगला मिळाला. सुकवायचं काम बहुतेक बायकाच करतात, पण मोठ्या इमारतीचं उद्घाटन होतं, मांडवाचं कोण करणार!

सरकार काहीच करत नाही असंही नाही हां. 2020 च्या मत्स्य संपदा योजनेत मासा पकडल्यानंतरचं नुकसान 20-25 टक्क्यांवरून 10 वर आणायचं टार्गेट ठेवलं, आणि बर्फाची पेटी लावलेल्या सायकली, मोटरसायकली पण त्यात बसवल्या, बाईला 60 टक्के सबसिडी. उरलेले 40 टक्के तिनं आणायचे कुठून, त्याच व्यापाऱ्याकडून?