तिसऱ्यांदा नापास झालेला बोर्ड आणि रिपेअर बेंचचा आक्षेप : एका प्रतिक्रियेला उत्तर

सप्रेम नमस्कार.

सदोष सर्किट बोर्ड एमईएसमधून, म्हणजे कारखान्यात प्रत्येक बोर्डाचा प्रवास नोंदवणाऱ्या सॉफ्टवेअरमधून, आपोआप स्क्रॅप, म्हणजे भंगारात बाद, करण्याविषयीच्या माझ्या लेखावर आपण सविस्तर प्रतिक्रिया लिहिलीत, याबद्दल मनापासून आभार. वाळूजमध्ये रिपेअर बेंचवर, म्हणजे सदोष बोर्ड दुरुस्त करण्याच्या टेबलावर, आपली २२ वर्षे गेली, हे आपण सांगितले नसते तरी आपल्या प्रश्नांवरून ते कळलेच असते. आपला आक्षेप थोडक्यात असा आहे : टेस्टमध्ये तिसऱ्यांदा नापास झालेला बोर्ड सॉफ्टवेअरने परस्पर बाद करावा, असे मी सुचवले, परंतु सॉफ्टवेअरला बोर्ड दिसत नाही, फक्त आकडा दिसतो, आणि जाणता हात १० मिनिटांत जो बोर्ड उभा करील तो त्या आकड्यापायी भंगारात जाईल. मोठ्या कंपनीला हे परवडेल, चिकलठाण्यातल्या छोट्या पुरवठादाराला परवडणार नाही, असेही आपण म्हणता. आणि शेवटी विचारता की चुकून स्क्रॅप झालेला चांगला बोर्ड परत आणायचा कसा.

आपल्या आक्षेपातला एक भाग मला पूर्णपणे मान्य आहे, म्हणून आधी तोच घेतो. माझ्या नियमात बोर्ड का नापास झाला हे पाहण्याची सोयच नव्हती. तो किती वेळा नापास झाला एवढेच मोजले जात होते. ती चूक होती, आणि ती माझ्या लक्षात यायला हवी होती, कारण तिचे परिणाम मी स्वतः पाहिलेले आहेत. मी काम करत होतो त्या एका कारखान्यात रात्रपाळीला एकामागून एक बोर्ड एकाच टेस्ट स्टेपवर नापास होऊ लागले. ऑपरेटरने प्रत्येक बोर्ड काढून पुन्हा लावला, फिक्स्चर, म्हणजे टेस्टरवर बोर्ड धरून ठेवणारा साचा, दाबून धरले, तिसऱ्यांदाही लावून पाहिला. सकाळी फिक्स्चर उघडल्यावर दिसले की एका पोगो पिनच्या, म्हणजे बोर्डाला टेकणाऱ्या स्प्रिंगवरच्या टेस्ट पिनच्या, टोकाला फ्लक्स या सोल्डरिंगच्या रसायनाचा पिवळट, चिकट थर बसला आहे आणि पिन एकदा आत गेली की वर येत नाही. पिन बदलली आणि तेच बोर्ड पहिल्याच वेळी पास झाले. त्या रात्री माझा नियम लागू असता, तर टेस्टरच्या दोषापायी चांगल्या बोर्डांचा ढीग भंगाराच्या लाल पेटीत गेला असता.

म्हणून नियमाची मांडणी मी बदलली आहे. दुरुस्ती न करता बोर्ड नुसताच पुन्हा टेस्टरवर लावला, तर ती फेरी मोजायची नाही. दोष सापडला, दुरुस्तीची नोंद झाली, आणि त्यानंतरही बोर्ड नापास झाला, तरच मोजणी पुढे सरकते. शिवाय वेगवेगळे बोर्ड ओळीने एकाच स्टेपवर, एकाच फेल कोडने (दोषाच्या सांकेतिक क्रमांकाने) पडू लागले, तर सॉफ्टवेअरने बोर्डांना हात न लावता ते स्टेशनच थांबवावे आणि शिफ्ट इन्चार्जला बोलवावे.

मात्र दुरुस्तीच्या फेऱ्यांना मर्यादा असलीच पाहिजे, या मतावर मी ठाम आहे, आणि त्यामागे कारागिराच्या हातावरचा अविश्वास मुळीच नाही. कारण बोर्डाच्या अंगातच आहे. सुटे भाग बोर्डाला जोडण्यासाठी आज सर्रास वापरले जाणारे शिसेविरहित सोल्डर ९६.५ टक्के कथील, ३ टक्के चांदी आणि ०.५ टक्का तांबे यांचे असते. ते २१७ ते २२० अंश सेल्सिअसला वितळते. बोर्डाच्या साध्या लॅमिनेटमधली, म्हणजे मूळ पाटीतली, राळ मात्र त्याच्या प्रतीनुसार १३० ते १७० अंशांच्या दरम्यानच मऊ पडू लागते. म्हणजे सोल्डर वितळेपर्यंत पोहोचवलेली प्रत्येक उष्णता तांब्याचा पॅड (सुटा भाग जिथे जोडला जातो तो ठिपका) ज्या राळेने धरून ठेवलेला आहे तिलाच सैल करते. डीसोल्डरिंगची, म्हणजे वितळलेले सोल्डर शोषून घेणारी, जाळी पॅडला किंचित चिकटते, ती उचलताना हाताला बारीकसा ओढा जाणवतो, आणि भिंगाखाली पाहावे तर पॅडची एक कड लॅमिनेटपासून केसभर उठलेली असते : हा क्षण आपण माझ्यापेक्षा कितीतरी जास्त वेळा अनुभवला असेल. त्याखेरीज प्रत्येक तापवणीत सांध्यामधला तांबे-कथिलाच्या संयुगाचा ठिसूळ थर वाढत जातो, आणि तो तर भिंगाखालीही दिसत नाही.

असा बोर्ड १० मिनिटांत उभा राहील, हे आपले म्हणणे खरे आहे. परंतु तो टेस्टरवर, स्थिर टेबलावर, खोलीच्या तापमानात उभा राहील. आपल्या भागात बनणाऱ्या बोर्डांपैकी पुष्कळ बोर्ड वाहनांत जातात. १९८५ मध्ये वाळूजला बजाज ऑटोचा कारखाना सुरू झाला आणि त्याच्या आसपास सुट्या भागांच्या पुरवठादारांची मोठी साखळी उभी राहिली. त्या साखळीतून निघालेला बोर्ड मे महिन्याच्या उन्हात, खड्ड्यांच्या रस्त्यावर, वर्षानुवर्षे हादरे खात राहणार असतो. केसभर उठलेल्या पॅडची खरी परीक्षा तिथे होते.

याच संदर्भात एक भेद आवर्जून मांडतो, कारण आपल्याकडे बोलताना तो पुसला जातो. आपण सगळ्यालाच ‘रिपेअर’ म्हणतो. वाहन उद्योगाला लागू असलेल्या आयएटीएफ १६९४९ : २०१६ या मानकात मात्र रिवर्क वेगळे आणि रिपेअर वेगळे आहे. सुटलेला सांधा पुन्हा भरून बोर्ड मूळ ड्रॉइंगप्रमाणे केला, तर ते रिवर्क होते, आणि त्याचा निर्णय घेण्यापूर्वी त्यातली जोखीम तपासणे बंधनकारक आहे. उठलेल्या ट्रॅकवरून (बोर्डावरच्या तांब्याच्या रेषेवरून) जंपर वायर, म्हणजे जोडतार, टाकून बोर्ड चालू केला, पण तो ड्रॉइंगप्रमाणे राहिला नाही, तर ते रिपेअर होते आणि त्यासाठी ग्राहकाची लेखी परवानगी लागते. जंपर कितीही सुबक असला तरी ती परवानगी देण्याचा अधिकार आपल्या बेंचलाही नाही आणि माझ्या सॉफ्टवेअरलाही नाही.

आता निर्णय कोणाचा, या मूळ मुद्द्याकडे येतो. ‘आपोआप’ या शब्दामुळे निर्णय यंत्राने घेतल्यासारखे वाटते. प्रत्यक्षात कोणत्या दोषाला किती फेऱ्या द्यायच्या, हे क्वालिटी, प्रॉडक्शन आणि रिपेअर बेंच यांनी दिवसाउजेडी, एकत्र बसून ठरवायचे असते, आणि त्या बैठकीत बेंचचा शब्द सर्वांत वजनदार असायला हवा. सॉफ्टवेअर फक्त तो ठराव रात्री ३ वाजताही पाळते. पाळी संपत आली आहे, गेटवर गाडी उभी आहे आणि डिस्पॅचला ४ बोर्ड कमी पडत आहेत, अशा वेळी सदोष बोर्डांच्या लाल ट्रेकडे ज्या नजरेने पाहिले जाते, ती नजर आपल्यालाही ठाऊक असणार.

पोगो पिनच्या त्याच कारखान्यातला आणखी एक प्रसंग सांगतो. पॅनेलमधून, म्हणजे अनेक बोर्ड एकत्र असलेल्या मोठ्या पाटीतून, तोडताना वाकल्यामुळे एका बोर्डावरचा सिरॅमिक कपॅसिटर आतून तडकला होता. रिपेअरवाल्याने तो बरोबर ओळखला, बोर्डावर लाल स्टिकर लावला आणि ट्रेमध्ये ठेवला. ट्रे रिफ्लो ओव्हनच्या, म्हणजे सोल्डर वितळवणाऱ्या भट्टीच्या, बाजूला होता. उष्णतेने स्टिकरचा गोंद सुटला आणि स्टिकर गळून पडला. पुढच्या पाळीने तो बोर्ड टेस्टिंग राहिलेला समजून उचलला. असा तडा थंड बोर्डात पुष्कळदा पकडला जात नाही. बोर्ड पास झाला, पॅक झाला आणि काही आठवड्यांनी तक्रार होऊन परत आला. रिपेअरवाल्याने आपले काम चोख केले होते, तरी त्याचा निर्णय पाळला गेला नाही, कारण तो एका कागदी स्टिकरवर अवलंबून होता. तोच निर्णय बोर्डाच्या सिरियल नंबरवर कुलूप म्हणून लागला असता, तर स्कॅन करताच टेस्टरने बोर्ड घेण्यास नकार दिला असता. आपल्या शब्दाचे रक्षण व्हावे, एवढ्यासाठीच मला हे आपोआप हवे आहे.

जे डोळ्यांना दिसूच शकत नाही, तेही सॉफ्टवेअरला ठाऊक असते. वीज जाणे आपल्याकडे नवे नाही. रिफ्लो ओव्हनच्या कन्व्हेयरला बॅकअप नसेल, तर आत असलेले बोर्ड तापलेल्या झोनमध्ये तसेच अडकून राहतात. वीज आल्यावर ते बाहेर येतात तेव्हा बरेचसे नेहमीसारखेच दिसतात, टेस्टही पास होतात. त्या मिनिटाला नेमके कोणते सिरियल नंबर आत होते, हे आत जाण्याच्या आणि बाहेर येण्याच्या वेळांवरून फक्त एमईएस सांगू शकते. तिथे त्याने ते सगळे बोर्ड तत्काळ होल्डवर टाकलेच, म्हणजे रोखून ठेवलेच, पाहिजेत. स्क्रॅप करायचे की नाही, हे माणसांनी सावकाश ठरवावे.

पॅनेलबद्दल आपण ओझरते विचारले आहे. ८ बोर्डांच्या पॅनेलमधला एक सदोष निघाला, तर त्या एकाच बोर्डाचा नंबर बाद झाला पाहिजे. पॅनेलचा नंबर बाद करून उरलेले ७ बोर्डही घालवणारी मांडणी सरळसरळ चुकीची आहे.

छोट्या पुरवठादाराच्या खर्चाचा प्रश्न मी हलका मानत नाही. सगळ्या बोर्डांना एकच मर्यादा लावणे मात्र त्याच्याही हिताचे नाही. साध्या एलईडी बोर्डावर कुशल माणसाचा अर्धा तास घालवण्यापेक्षा तो पहिल्याच नापासाला सोडून देणे स्वस्त पडते. महाग मायक्रोकंट्रोलर असलेल्या बोर्डाला २ फेऱ्या आणि त्यानंतर क्वालिटीची सही, असे ठेवता येते. यासाठी मोठे परदेशी सॉफ्टवेअर लागतेच असे नाही. प्रत्येक बोर्डावर बारकोड, टेस्टरपाशी एक स्कॅनर आणि नोंदींचा एक साधा डेटाबेस एवढ्यावर हे कुलूप बसवता येते.

राहिला आपला शेवटचा प्रश्न. कुलूप लावणे, हिशेबात स्क्रॅपची नोंद करणे आणि बोर्ड प्रत्यक्ष निकामी करणे ही तीन वेगळी कामे आहेत. माझ्या लेखात ती एकात मिसळली होती, म्हणून आपल्याला ही शंका आली. कुलूप तत्क्षणी आणि आपोआप लागावे. बोर्ड मात्र लगेच न तोडता बंद जाळीच्या कपाटात ठेवावा, आणि ठरलेल्या दिवशी क्वालिटी व रिपेअर या दोघांनी तो पाहावा. दोघांचे एकमत झाले, तर कारण लिहून कुलूप काढता येते. हिशेबातली जुनी नोंद खोडायची नसते, तिची उलट नोंद करायची असते. सॅप हे हिशेबाचे सॉफ्टवेअर वापरणाऱ्यांकडे ५५१ या स्क्रॅपच्या नोंदीला ५५२ ही उलट नोंद असते, ती याचसाठी. दोघांनीही नकार दिला, तर बोर्ड पुन्हा वापरता येणार नाही असा कापावा किंवा त्याला भोके पाडावीत, कारण विल्हेवाटीपूर्वी तो निकामी करणे वर सांगितलेल्या मानकानुसार आवश्यक आहे. त्यानंतर तो नोंदणीकृत पुनर्चक्रण करणाऱ्याकडेच द्यावा. १ एप्रिल २०२३ पासून लागू असलेल्या ई-कचरा नियमांनुसार असे बोर्ड कोपऱ्यावरच्या भंगारवाल्याला विकता येत नाहीत.

सुधारलेला नियम मी मूळ लेखात घातला आहे. त्यात एक जागा अजून कच्ची आहे : बेंचवर ‘दोष आढळला नाही’ असा शेरा मारून परत पाठवलेला बोर्ड पुन्हा त्याच कोडने पडला, तर ती फेरी बोर्डाच्या खात्यावर धरायची की टेस्टरच्या? आपल्या बेंचवर अशा बोर्डांचे आपण काय करता, हे कळवलेत तर तो भाग मी त्याप्रमाणे लिहीन.