‘व्हिन्स यंग नुसता पळायचा’ म्हणे!

अमेरिकन कॉलेज फुटबॉलचा विषय निघाला की एक पोस्ट हमखास फिरत येते: ‘खरा क्वार्टरबॅक मॅट लायनार्टच. ३९ सामन्यांत फक्त दोन हरला. व्हिन्स यंग नुसता पळायचा, एका रात्री नशीब फळफळलं इतकंच.’ (क्वार्टरबॅक म्हणजे संघाचा डाव चालवणारा, चेंडू फेकून पास देणारा खेळाडू.) ती रात्र ४ जानेवारी २००६ ची. पॅसाडिनाच्या रोज बोल मैदानावर यंगच्या टेक्सासनं लायनार्टच्या यूएससीला (सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठाला) ४१-३८ हरवलं. त्याआधी यूएससीनं सलग ३४ सामने जिंकले होते.

आधी ‘नुसता पळायचा’ बघू. २००५ च्या मोसमात लायनार्टचे ६५.७ टक्के पास पूर्ण झाले, म्हणजे साथीदारांनी झेलले, यंगचे ६५.२. फरक अर्ध्या टक्क्याचा! पासचे यार्ड लायनार्टचे जास्त, ३,८१५ विरुद्ध ३,०३६. पण यंगनं वर पळून १,०५० काढले, ते कुणाच्या खात्यात टाकायचे? आडव्या हातानं फेकायचा, दिसायला ओबडधोबड वाटायचं, हे मान्य. पण कपिलदेव बॅटिंगही करायचा म्हणून त्याला कुणी बॉलर म्हणायचं सोडलं का?

मग नशीब. १ जानेवारी २००५ ला याच मैदानावर टेक्सासनं मिशिगनला ३८-३७ हरवलं, तेव्हा यंग १९२ यार्ड पळाला आणि त्यानं पळून चार टचडाउन केले, म्हणजे चेंडू समोरच्या संघाच्या शेवटच्या रेषेपलीकडे नेला. नशिबाला पॅसाडिनाचा रस्ता बराच पाठ असावा.

एक तक्रार मात्र रास्त आहे. यूएससीविरुद्ध दुसऱ्या क्वार्टरमध्ये यंगनं चेंडू साथीदार सेल्विन यंगकडे टाकला आणि टचडाउन झाला, तेव्हा व्हिन्सचा गुडघा आधीच जमिनीला टेकला होता, म्हणजे खेळ तिथंच थांबायला हवा होता. रिप्ले बघितलाच गेला नाही. यूएससीवाल्यांचा राग मी समजू शकतो.

पण शेवटची सात मिनिटं बघा. टेक्सास २६-३८ असं मागे. यंग १७ यार्ड पळून टचडाउन करतो, ३३-३८. दोन-सव्वादोन मिनिटं उरलेली, यूएससीचा चौथा डाउन (दहा यार्ड पुढे जायला मिळणाऱ्या चार प्रयत्नांतला शेवटचा), हवेत फक्त दोन यार्ड. ते मिळाले की सामना खिशात. चेंडू यूएससीच्या लेनडेल व्हाइटकडे जातो, टेक्सासची भिंत त्याला अडवते. हाइझमन (कॉलेज फुटबॉलमधल्या सर्वोत्तम खेळाडूचा पुरस्कार) विजेता, यूएससीचाच रेजी बुश तेव्हा मैदानाबाहेर उभा! (हा निर्णय कोचचा, त्याचं खापर लायनार्टवर फोडणार नाही.) मग यंग संघाला पार पुढे नेतो. पुन्हा चौथा डाउन, पाच यार्ड हवेत, १९ सेकंद शिल्लक ठेवून तो उजव्या कोपऱ्यातून आठ यार्ड पळत आत.

त्या रात्री पासचे यार्ड लायनार्टचे ३६५, यंगचे २६७. पोस्टवाले एवढंच सांगतात. यंगनं पळून काढलेले २०० गाळतात.

आणि ते ‘३९ मध्ये दोन’? यंग ३२ मध्ये दोन हरला.