जशीच्या तशी कशी काय?
‘रोझबँक ३० वर्षांनी जशीच्या तशी सुरू झाली’ हे त्या स्कॉटिश व्हिस्की डिस्टिलरीवरच्या लेखातलं वाक्य काही पटलं नाही बुवा. १९९३ ला बंद पडली आणि पुढे तिथली तांब्याची स्टिल्स (दारू गाळायची भांडी) चक्क चोरांनी उचलून नेली, आत्ताची तीन नवीन आहेत, जुन्या ड्रॉइंगवरून बनवलेली. जशीच्या तशी म्हणायचंच तर ब्रोरा या दुसऱ्या स्कॉटिश डिस्टिलरीला म्हणा, १९८३ पासून पडून असलेली तिथली जुनीच स्टिल्स दुरुस्त करून २०२१ ला परत चालू केली.

मी रोझबँकच्या गावी, फॉल्कर्कला होतो तेव्हा कॅनॉलच्या कडेने कामावर जायचो, ती विटांची उंच चिमणी तेवढी दिसायची, बाकी सगळं सामसूम. आणि हो, तिथे तीनदा डिस्टिल करतात, वाफ गार पाण्यात बुडवलेल्या तांब्याच्या वेटोळ्यातून थंड करतात, त्यावर लेखात एक ओळ नाही आणि बाटलीच्या किमतीवर दोन पॅरे!