पोर्ट २२ च्या नानाची टांग

चार तास! भाड्यानं घेतलेल्या क्लाउड मशिनमधे, म्हणजे दूर कुठंतरी ठेवलेल्या कंप्युटरमधे, घरून शिरायला बघायलोय, अन् चार तास त्या काळ्या खिडकीत एकच ओळ, कनेक्शन टाइम्ड आऊट. म्हणजे वाट बघितली, उत्तरच नाही. परत एंटर, परत मुक्यासारखं बसायचं, परत तेच. अन् तिकडं ब्राउझरमधे मशिन हिरवंगार टिंब लावून 'रनिंग'. अरे चालू आहेस ना, मग दार उघड की!

'रिफ्यूज्ड' म्हणालं असतं तरी चाललं असतं. दारापर्यंत पोचलो, आतून कुणीतरी नाही म्हणालं, एवढं तरी कळतं. वसुलीला गेल्यावर घरातली बाई निदान दारात येऊन 'ते गावाला गेलेत' असं खोटं बोलते. इथं ती बाईपण येईना.

झालं काय, तर सकाळी मोंढ्यातून काकांचा फोन. "काय रे, तुझं ते ढगातलं झोपलं का? सोयाबीनचा भाव कालचाच दाखवायलंय." म्हणलं काका, पाच मिनिटं द्या. मशिनच्या आत जायचं, साईटवर भाव टाकणारी अडकलेली स्क्रिप्ट परत चालू करायची, बाहेर यायचं. एवढंच काम होतं हो!

आधी रीबूट केलं. नाही. म्हणलं पूर्ण बंद करून चालू करावं. केलं, तर मशिनचा पब्लिक आयपी, म्हणजे इंटरनेटवरचा पत्ताच बदलला. डोमेन, म्हणजे साईटचं नाव, जुन्या पत्त्याकडं बोट दाखवत उभं. आता साईटपण गेली. आधी निदान कालचा भाव तरी दिसत होता. आत शिरायला लागते ती किल्लीची फाईल तपासली, परवानगी ४००, म्हणजे फक्त मलाच वाचता येते, बरोबर. टाइम आऊटचा अन् किल्लीचा काडीचा संबंध नसतो हे मला माहीत आहे, तरी तीनदा तपासली. डोकं चालत नसलं की माझे हात चालतात.

मग सटकली. मशिनच उडवलं. कायमचं. म्हणलं नवीन करू.

नवीन करायचं म्हणजे परत ती यादी. शेकडो प्रकार, नावं म्हणजे नुसती अक्षरं अन् आकडे. सोयाबीन बियाण्याच्या पिशवीवर जेएस ३३५ लिहिलेलं असलं तर शेतकऱ्याला कळतं काय पेरायलो ते. इथं काय कळतं? कपाळ! मी आपलं एक जीबी मेमरीवालं घेतो, कारण दोन जीबीचे पैसे काका देणार नाहीत. मग त्यावर पॅकेजेस टाकायला गेलं की मेमरी पुरत नाही, निम्म्यात 'किल्ड' म्हणून मोकळं. मग स्वॅप फाईल, म्हणजे डिस्कवरच उसनी मेमरी, करत बसा. मागं एकदा रिजन, म्हणजे मशिन कुठल्या ठिकाणी ठेवायचं ते, बघायचं राहिलं तर मशिन अमेरिकेत व्हर्जिनियात जन्मलं. यादीत निवडलेल्या रिजनचीच मशिनं दिसतात. मी मुंबई निवडून बघतो तर यादी रिकामी, म्हणलं बरं झालं, काहीच चालू नाही. दोन महिने ते तिकडं एकटंच चालू अन् बिल इकडं. बंद ठेवलं तरी डिस्कचं भाडं सुटत नाही ते वेगळंच. वर १८ टक्के जीएसटी.

चूक माझीच. मराठवाड्यात राहून ढगावर भरवसा ठेवला. २०१९ ला औरंगाबादहून विमानं उडवून पाऊस पाडायला ढगात रसायन फवारत होते, तेव्हाचे ढगपण असेच. दिसायला 'रनिंग'.

असो. नवीन मशिन झालं, हिरवं टिंब आलं. एंटर.

टाइम्ड आऊट.

तेव्हा कुठं, चौथ्या चहाला, फायरवॉलचे, म्हणजे मशिनच्या राखणदाराचे, नियम उघडले. पोर्ट २२, म्हणजे मशिनमधे शिरायचं दार, फक्त 'माझा आयपी', माझ्या घरच्या पत्त्यालाच उघडं. रविवारी रात्री मीच लावलेला. कारण २२ नंबर सगळ्या जगाला उघडा ठेवणाऱ्या पोरांना मी नावं ठेवतो, लै शहाणा ना मी! अन् पहाटे गल्लीतली लाईट गेली होती. राऊटर बंद होऊन चालू झाला, घरचा आयपी बदलला. मशिनच्या लेखी मी कुणीतरी परकाच. त्याला सांगितलं होतं तेवढं ते इमानदारीनं करत होतं, अन् मी त्या इमानदाराला कायमचं उडवलं. नव्या मशिनलापण तोच नियम जोडला होता, हे सांगायची गरज नाही. बनी तो बनी, नहीं तो परभणी, हे आमच्याच घरावरून निघालं असावं.

चिडून नियम काढला, टाकलं ०.०.०.०/०, म्हणजे अख्खं जग. या सगळे. आत गेलो, दीड तास सगळं परत मांडलं, मग सहज लॉग बघितला. रूट, ॲडमिन, टेस्ट असली नावं सांगत कुठल्या कुठल्या देशातून चोर येऊन दार वाजवायलेत. त्यांना बरोबर सापडतो पत्ता!

गुपचूप नियमात घरचा नवा आयपी टाकला अन् काकांना फोन लावला. काका, झालं चालू.

"हाव का? बरं. मी फळ्याचा फोटो काढून दुपारीच ग्रुपवर टाकलाय."